लाईट गेल्यावर तात्या कुठे असतात

कुणाच्याही घरी गेले की मी आधी वर बघते. घरची मंडळी पाणी घेऊन येतात तोवर माझं गच्चीचं माप घेऊन झालेलं असतं. टाकी कुठे, जिना कुठे, शेजारच्या नारळाची सावली दुपारी कुठवर येते. पुतणीच्या लग्नाची बोलणी करायला गेलो होतो तेव्हाही माझी नजर वरच. मुलाकडच्यांना वाटलं, बाई स्लॅब गळतो का ते बघतायत. पुढे लग्न जमलं, नीट पार पडलं, पण विहीणबाई अजून मला त्या स्लॅबवरून टोमणे मारतात.

बारामतीत एका इलेक्ट्रिकच्या दुकानात मी नोकरीला लागले तेव्हा आम्ही पाणबुडी मोटारी, केबल आणि स्टार्टर विकत होतो. नंतर मालकांनी घरांवर सोलर बसवायचं काम सुरू केलं. पॅनल बसवणारी माणसं पटकन मिळाली, परवानग्या काढणारं कुणी मिळेना. मालक म्हणाले, "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे, हे काम तुम्हीच बघा." सगळे अर्ज कॉम्प्युटरवर भरायचे, त्यात माझ्या अक्षराचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. तेव्हापासून बारामती आणि इंदापूर तालुक्यांत माझं नाव मागे पडलं आणि मी 'परवानगीवाल्या मॅडम' झाले.

या धंद्याची कल्पना नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. छपरावर पॅनल लावणं म्हणजे बाजारातून कुलर आणून खिडकीत ठेवणं नव्हे. तुमच्या छपरावर वीज तयार होते, लागेल तेवढी तुम्ही वापरता आणि उरलेली मीटरमधून बाहेर वीज कंपनीच्या तारेत जाते. रात्री तुम्ही त्याच तारेतून परत घेता. म्हणजे काल-परवापर्यंत नुसतं गिऱ्हाईक असलेला माणूस आता वीज पाठवणाराही होतो. त्यामुळे कंपनी चौकशा करणारच. मीटर कुणाच्या नावावर आहे? छप्पर तुमचंच का? भाऊबंदांची हरकत नाही ना? मंजूर भार किती? गल्लीतल्या डीपीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, एवढं झेपेल का? हे पार पडलं की पॅनल बसतात, मग तपासणी होते, मग करार, आणि शेवटी येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणारा नवा मीटर. तो मीटर बसेपर्यंत पॅनल चालू करायचे नाहीत. हे मी प्रत्येक घरात बजावून सांगते आणि प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच, "जरा लावून बघितलं तर काय हुतंय?"

आमच्याकडची पहिली अडचण ठरलेली. मीटर गेलेल्या माणसाच्या नावावर असतो. वडील जातात, आजोबा जातात, सातबारा बदलतो, पण मीटर बदलायचं कुणाच्या मनातही येत नाही. एक डाळिंबवाला बागायतदार माझ्याशी तासभर हुज्जत घालत होता. "मीटर आज्याच्या नावावर हाय, मान्य. पर आजा तर माझाच हाय की न्हाय?" मी म्हटलं, आजोबा तुमचेच, पण सही कुणाची घेऊ? तो म्हणाला, "सही न्हाय, पर अंगठा तसाच हाय माझा." एवढ्या आत्मविश्वासाने सांगितलं की क्षणभर मलाच पटलं.

शेळगावच्या एका काकूंनी वेगळाच पेच घातला. मुलाने सगळे कागद केले, मंजुरी आली, आमची माणसं गच्चीवर चढली, आणि काकू जिन्यात आडव्या. "तुमच्या त्या काचा माझ्या गच्चीचं ऊन खाणार. मग माझ्या कुरडया काय खाणार?" दक्षिणेची बाजू त्यांच्या वाळवणाची होती. मी नकाशा बदलून निम्मे पॅनल गोठ्याच्या छपरावर टाकले आणि कंपनीकडे सुधारित आराखडा दिला. आराखडा बदलण्याचं कारण काय, असं तिथल्या साहेबांनी विचारलं तेव्हा मी गंभीर चेहऱ्याने 'जागेची अडचण' असं सांगितलं. दर उन्हाळ्यात काकूंच्या कुरडया माझ्या घरी येतात, आणि त्या मी साहेबांनाही देते.

पण 'कामाच्या आठवणी लिहा' असं या अंकाच्या संपादकांनी सांगितल्यावर मला सगळ्यात आधी आठवले ते लासुर्ण्याचे तात्या.

तात्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, आणि प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद क्रमाने लावलेले. मीटर स्वतःच्या नावावर, घर स्वतःच्या नावावर. असं गिऱ्हाईक आलं की मला त्याची दृष्ट काढावीशी वाटते. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"मॅडम, ऊन हाय तवर वीज तयार हुती ना?"

"होते की," मी म्हटलं.

"बास. मग बसवा."

त्यांना नेमकं काय हवं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. अर्जात नाव, पत्ता, भार, छपराचं क्षेत्रफळ असे सगळे रकाने असतात. तुम्हाला हे कशासाठी हवंय, असा रकाना नसतो. शिवाय आमच्या दुकानावर त्या वेळी मोठी पाटी होती, 'आता लाईटची चिंता विसरा'. तात्यांनी ती वाचली होती आणि ती खरी मानली होती.

मंजुरी आली, पॅनल बसले. कंपनीचे लोक तपासणीला यायच्या आधी मी स्वतः एकदा जाऊन बघते, ती माझी पद्धत. तशी मी लासुर्ण्याला गेले. गच्चीवर सगळं ठाकठीक होतं. खाली मीटरच्या फळीजवळ आले आणि थबकले. आमच्या माणसांनी न लावलेलं एक भलंमोठं हँडल तिथे होतं, लाल रंग दिलेलं, खाली पांढऱ्या अक्षरात 'बाहेर' आणि 'घर' असं लिहिलेलं. काम इतकं सुबक होतं की आधी मला कौतुकच वाटलं. मग ते कशासाठी आहे हे लक्षात आलं आणि मी तात्यांना हाक मारली.

"तात्या, हे काय?"

"आयलंड," तात्या खुशीत म्हणाले. "म्हंजी बेट. कारखान्यात मी पावर हाऊसला हुतो. बगॅस, म्हंजी उसाचा चोथा, जाळून आमची वीज आमीच करायचो, उरलेली बाहेर द्यायचो. ह्ये तुमचं सोलर करतंय तसंच. बाहेरची लाईन गेली की आमी ब्रेकर पाडून बाहेरचं तोडायचो अन् कारखाना आपला आपला चालायचा. समद्या गावांत अंधार, अन् आमच्याकडं ट्यूबसुद्धा फडफडायची न्हाय."

आता इथे मला त्या पॅनलच्या इन्व्हर्टरबद्दल, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या पेटीबद्दल, सांगायला हवं. तो फार हट्टी असतो. बाहेरच्या तारेत वीज असेल तरच तो काम करतो. बाहेरची लाईट गेली की वर कितीही रणरणतं ऊन असो, तो बंद. लोकांना हे ऐकून धक्काच बसतो. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि विकताना कुणी आपणहून बोलत नाही. पण त्या हट्टाला कारण आहे. लाईट गेली की वायरमन खांबावर चढतो. त्या वेळी तुमच्या छपरावरची वीज मीटरमधून उलटी बाहेर गेली, तर मेलेली समजून त्याने हातात धरलेली तार जिवंत असेल.

तात्यांना आमच्या फिटरने हे सांगितलं होतं. त्यावर त्यांनी कारखान्याच्या अनुभवातून तोडगा काढला. हँडल ओढून बाहेरचं तोडायचं, आणि घरातल्या जुन्या, बॅटरीवरच्या इन्व्हर्टरची वीज दाखवून पॅनलच्या इन्व्हर्टरला फसवायचं की बाहेरची लाईन आली. त्यांनी एकदा करूनही बघितलं होतं, आणि ते चाललं होतं.

"तात्या, हे काढावं लागेल. हे नियमात बसत नाही."

"का? आधी तोडतो, मगच चालवतो. तुमी मला करंट शिकवताय व्हय?"

"तुमच्या हातून चूक होणार नाही, मान्य. पण तुम्ही घरी नसताना कुणी हँडल न ओढताच चालू केलं तर?"

"मी कुठं जातो, मॅडम?"

ते तावातावाने म्हणाले. तेवढ्यात आतल्या खोलीतून बारीक आवाज आला, "त्ये मातूर खरं हाय. कुठंच जात न्हाईत."

त्या तात्यांच्या पत्नी, काकू. मी आत गेले. खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या, नाकाला नळी, आणि शेजारी हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन घरघरत होतं. आजारपणात त्यांची फुप्फुसं निकामी होत आली होती. मशीन विजेवर चालायचं. लाईट गेली की बंद पडायचं. जुन्या इन्व्हर्टरवर लावलं तर तो थोड्याच वेळात मान टाकायचा. मग कोपऱ्यात ठेवलेला सिलेंडर चालू करायचा, पण त्याची चावी फिरवण्याएवढी ताकद काकूंच्या मनगटात उरली नव्हती. म्हणजे लाईट कधीही जाणार, आणि गेली की चावी फिरवायला तात्या दारात हजर पाहिजेत.

म्हणून तात्या कुठे जात नव्हते. लेक दिलेली फलटणला, नातवाचं बारसं झालं ते यांनी मोबाईलवर बघितलं. शेतात गेले तरी बांधावरून घराचा दिवा दिसेल एवढ्याच अंतरात. एसटी स्टँडच्या बाकावर जुने कारखान्यातले सोबती रोज जमायचे, तिथून निरोप यायचे, "तात्या मेला का जिता हाय?" मला एकदम त्यांचा दुकानातला प्रश्न आठवला. ऊन आहे तोवर वीज होते ना? त्यांनी सोलर घेतलं होतं ते यासाठी. मला फार वाईट वाटलं. त्या पाटीचा तर असा राग आला की दुकानात गेल्यावर आधी ती उतरवायला लावली.

त्या दिवशी पुढे बोलल्या त्या काकूच. दोन शब्द झाले की थांबायच्या, नळीतून श्वास घ्यायच्या, मग पुढे.

"मॅडम, खिडकीतनं त्यो खांब दिसतो का? त्या खांबावर संतोष चढतो. आमच्या गावचा वायरमन. ल्हान हुता तवा आमच्या दारातलं पेरू चोरायचा." मग तात्यांकडे बघून म्हणाल्या, "अवो, लाईट गेली की तुमी कसं धावत येताय, ठावं हाय का? मागल्या येळंला शिलेंडरची चावी उलटी फिरवत हुता. मी हातानं खुणा करत हुते, तरी उलटीच. त्या गडबडीत ह्ये तांबडं हँडल वढायचं राहिलं मंजी? माझ्या सासापायी त्याच्या पोरांचा बाप जायाला नगं."

तात्यांनी खिडकीतून त्या खांबाकडे बघितलं. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "कारखान्यात पॅनलवर आमी कायम दोगं असायचो. एकानं वढायचं, दुसऱ्यानं बघायचं. एकट्याला हात लावायची परवानगीच नव्हती." उठले, पेचकस आणला आणि इतक्या हौसेने लावलेलं हँडल स्वतःच्या हाताने काढलं. एकेक स्क्रू सांभाळून डबीत टाकत होते. मग म्हणाले, "आता वरच्या काचाबी काढून न्या, मॅडम. मला काय उपेग त्यांचा?"

या कामात मी कितीतरी लोकांना 'नाही' म्हटलंय. नावात चूक, भार कमी, हरकत आलीय. 'नाही' म्हणून घरी जाऊन शांत झोपलेही आहे. लासुर्ण्याहून परत येताना मात्र एसटीत मला बसवत नव्हतं. नियम बरोबर होता. खांबावरचा माणूस खरा होता. पण खाटेवरची बाईही तितकीच खरी होती.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या फिटरला आणि मालकांना समोर बसवलं. बॅटरीवाला वेगळा इन्व्हर्टर येतो. बाहेरची लाईट गेली की तो स्वतःच बाहेरचं तोडतो, माणसाच्या हाताची गरज नाही, आणि ठरवून दिलेली एक वेगळी वायरिंग तेवढी चालू ठेवतो. दिवसा ऊन असेल तर बॅटरी भरतही राहते. आमच्याकडे तो फारसा कुणी घेत नसे. पण मंजूर झालेलं यंत्र बदलायचं म्हणजे सुधारित अर्ज, नवा आराखडा, पुन्हा मंजुरी. साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, पुन्हा कुरडया का?" मी म्हटलं, नाही साहेब, या वेळी श्वास आहे. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्या खोलीची वायरिंग बाकी घरापासून पूर्ण वेगळी दिसली पाहिजे. तपासणीला मी स्वतः येतो. एक थेंबही बाहेर जाता कामा नये."

मंजुरीला वेळ लागला. उन्हाळा सरत आला होता, संध्याकाळी वादळ सुटायचं आणि लाईट जायची. बारामतीत माझ्या घरचा पंखा थांबला की मला तात्या धावताना दिसायचे. मी रोज अर्ज कुठवर आला ते बघायची. एवढं मी माझ्या मुलाच्या निकालासाठीही बघितलं नव्हतं.

खोलीची वायरिंग तात्यांनीच केली. फिटर नुसता उभा. मशीन, एक पंखा, एक दिवा. तात्यांना टीव्हीही जोडायचा होता, काकूंनी उडवून लावला. "बॅटरी माझ्यासाठनं हाय का तुमच्या मालिकांसाठनं?"

तपासणीच्या दिवशी साहेब आले, आणि त्यांच्याबरोबर संतोष. साहेबांनी बाहेरची लाईन तोडायला सांगितली. ओसरीवरचा पंखा मंदावला, थांबला. फ्रीजचा आवाज गेला. संतोषने मीटरच्या बाहेरच्या तारेला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. पुन्हा लावला. नाही लागला. मग त्याने माझ्याकडे बघून मान डोलावली आणि सगळ्यांसमोर उघड्या हाताने ती तार धरली. साहेब त्याच्यावर असे ओरडले की शेजारची माणसं बाहेर आली. "ग्लोव्ह्ज कुठं आहेत?" संतोष नुसता हसला. "काकूंचं सोलर हाय, सायेब."

तात्या यात कुठेच नव्हते. ते आतल्या खोलीच्या दाराला कान लावून उभे होते. आत मशीन घरघरत होतं. त्यांनी हळूच दार ढकललं.

काकू म्हणाल्या, "कवा बंद करणार हायत लाईट? मी आपली वाट बघतीया."

"अगं, कवाच केली!" तात्या म्हणाले, आणि उंबऱ्यावर खाली बसले. टोपी काढून तोंडावर धरली. साहेब गच्चीकडे बघत राहिले. मी माझी फाईल उघडली आणि नसलेला कागद शोधत बसले.

यानंतरही तात्या घर सोडेनात. लाईट गेली की जिथे असतील तिथून पळत यायचे, दारात थांबायचे, घरघर ऐकायचे आणि परत जायचे. काकू वैतागल्या. फोनवर मला म्हणाल्या, "मॅडम, यंत्र सुधारलं, ह्यांचं काय करायचं? त्याची परवानगी कुठं मिळती?"

शेवटी काकूंनीच त्यांना घराबाहेर काढलं. एक दिवस दुपारी दुकानाच्या दारात पांढरी टोपी दिसली. तात्या, एकटे, लासुर्ण्याहून एसटीने आलेले. काम काहीच नव्हतं. काकूंसाठी रबरी तळव्याच्या मऊ चपला घ्यायच्या होत्या, त्या घेतल्या होत्या. "आता खोलीत चार पावलं चालती," म्हणाले. दुसऱ्या दिवशी फलटणला जाणार होते, नातवाला बघायला. मी चहा मागवला. ते कारखान्याच्या गोष्टी सांगायला लागले. टर्बाईनचा आवाज झोपेतसुद्धा कसा कळायचा, सीझन संपला की कान कसे रिकामे रिकामे वाटायचे.

बोलता बोलता दुकानातले दिवे गेले. पंखा फिरत फिरत थांबला.

तात्या खुर्चीतून अर्धे उठले होते. एक हात टेबलावर, दुसऱ्यात चपलांची पिशवी, नजर दाराकडे. बारामतीतून लासुर्ण्यापर्यंत पळत जाता येत नाही, हे त्यांच्या पायांना अजून कळलं नव्हतं. बाहेर रस्त्यावर लख्ख ऊन पडलं होतं.

ते त्या उन्हाकडे बघत तसेच राहिले. मग पिशवी मांडीवर घेऊन सावकाश खाली बसले, बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "हां, तर टर्बाईनचं काय सांगत हुतो मी?"